पार्किंगमधलं रोम

बेनीभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी खिशातून पाणसळ काढतात. पाणसळ म्हणजे गवंड्याकडे असते ना, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी, ती. यांची वीतभर लांबीची आणि पितळी आहे. चहा टेबलावर यायच्या आधी ती टेबलावर येते. बेनीभाऊ मान वाकडी करून बुडबुडा बघतात आणि मग, डॉक्टर रिपोर्ट वाचून बघतो ना, तसं आपल्याकडे बघतात.

"ताई, तुमचं टेबल बाल्कनीकडे कललंय."

"कललंय तर कललंय, बेनीभाऊ. चहा घ्या."

"चहापण कललाय."

पहिल्यांदा मला रागच आला होता. समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन राहायला आलेला माणूस, ओळख होऊन आठवडा नाही झाला, आणि सरळ स्वयंपाकघरात शिरून माझ्या स्टोव्हवर पट्टी ठेवतोय! माझ्या हातात उलथनं होतं, पण त्यांनी इतक्या काळजीने विचारलं, "तुमचं घावन एका बाजूला जाड होतं का हो?" की मी उलथनं खाली घेतलं. आता हे यांना कसं कळलं? चार वर्षं मी पिठाला दोष देत होते. इथला तांदूळच वेगळा म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याकडून देशातून पीठ मागवत होते. बेनीभाऊंनी सिरियलच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडला, स्टोव्हच्या मागच्या पायाखाली सरकवला, आणि दुसऱ्या दिवशी घावन सगळीकडून सारखं. तेव्हापासून त्यांच्या पाणसळीबद्दल मी चकार शब्द काढत नाही.

त्यांचं पूर्ण नाव बेंजामिन किहीमकर. अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू. दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे आत प्रार्थनेचा कागद असलेली छोटी डबी, फडताळात पोह्यांचा मोठा डबा, आणि बोलणं असं की डोळे मिटले तर टोरंटोत, नॉर्थ यॉर्कच्या अकराव्या मजल्यावर नारळीची झाडं दिसावीत. तिकडे ते एका नगरपालिकेच्या पाणीखात्यात होते. पाणी आणायचं आणि सांडपाणी न्यायचं, दोन्ही कामं त्यांच्याकडे. इथे येऊन वीस वर्षं बिल्डिंगांच्या मेंटेनन्समध्ये काढली. एकूण काय, जन्मभर पाण्याच्या मागे. "उतार बरोबर असला ना ताई, की बाकी सगळं आपोआप," हे वाक्य ते नळाबद्दलही बोलतात, सरकारबद्दलही आणि माझ्या गुडघ्याबद्दलही. एकदा आम्ही सीनियर्सच्या बसने नायगाऱ्याला गेलो. सगळे धबधब्याचे फोटो काढत होते. बेनीभाऊ सापडेनात. शेवटी सापडले ते रेस्टॉरंटच्या वॉशरूमबाहेर, फरशीवर ओणवे. "चुकलाय," म्हणाले. "पाणी दाराकडे येतंय."

अशा माणसाला रोम बघायचं होतं.

मला वाटलं, कलोसियम वगैरे. लोक जातात तसं. तर म्हणाले, "ते बाजूला आहे म्हणून बघेन. मला गटार बघायचंय."

"गटार?"

"क्लोआका मॅक्सिमा!" हे नाव ते असं घेतात, जसं एखाद्या मोठ्या घरच्या सुनेचं घ्यावं. "अडीच हजार वर्षांचं गटार आहे ताई. रोमच्या जुन्या चौकाखालून जातं आणि नदीला मिळतं. राजे गेले, देवळं पडली, आणि पाणी अजून वाहतंय. अजून! आमच्या नगरपालिकेत मी बांधलेलं दुसऱ्या पावसाळ्यात तुंबलं होतं."

जगात एवढं काय काय पाहण्यासारखं असताना माणूस गटार बघायला समुद्रापार जातो म्हणजे कमाल आहे. पण त्यांचा चेहरा बघून मला हसवेना.

अडचण होती एस्थरची. एस्थर म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एस्थर मिसिसागाला एअरपोर्टजवळ मालवाहतुकीच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. दर रविवारी येते, ग्रोसरी फ्रीजमध्ये लावते, औषधांचा डबा भरते, वडिलांच्या गालाला गाल लावते आणि ट्रॅफिक वाढायच्या आत निघते. चांगली आहे हो पोरगी. पण सतत कुठेतरी पोचायचं असतं तिला. आदल्या विंटरमध्ये बेनीभाऊ बर्फावर घसरून मनगट मोडून बसले होते, तेव्हापासून तर ती त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटं पाठवायला तयार नव्हती. रोमचं नाव काढताच म्हणाली, "नो वे, पप्पा! अलोन? यू कान्ट इव्हन वॉक टू द बस स्टॉप!"

बेनीभाऊ चिडले. "मी पूर्ण रूट चालून दाखवतो. कलोसियमपासून गटाराच्या तोंडापर्यंत. मग?"

"फाइन," ती म्हणाली. "शो मी. देन वी विल टॉक."

आता रोमचा रूट टोरंटोत चालून दाखवायचा कुठे? बाहेर जानेवारी. कॉरिडॉर पुरेना. म्हणून बेनीभाऊंनी रोम बांधलं ते आमच्या बिल्डिंगच्या खाली, पी-वन लेव्हलच्या पार्किंगमध्ये.

चौकड्यांच्या वहीत त्यांनी सगळं आखून ठेवलं होतं. नकाशावर दोरी लावून अंतरं मोजली, त्यांची पावलं केली, पावलांच्या फेऱ्या. मग खडूने जमिनीवर खुणा. व्हिजिटर्स पार्किंगमध्ये कलोसियम. कचऱ्याच्या खोलीपाशी देवळाचे खांब. गाड्या वर जातात तो रॅम्प म्हणजे टेकडी. आणि अगदी टोकाला, जिथे बर्फाचं वितळलेलं पाणी जाळीतून खाली जातं, तिथे क्लोआका मॅक्सिमा. रोज दुपारी, गाड्या कामाला गेलेल्या असताना, आमची तालीम. आमची म्हणजे, मी तिकीट तपासणारी बाई. "कडक बोला ताई, तिकडचे लोक कडक असतील," असं मला बजावलेलं.

तिसऱ्या दिवशी आमचा सुपरिंटेंडेंट रिकार्डो आला. कमरेवर हात ठेवून खडूच्या रेघा बघत राहिला.

"मिस्टर बेनी, व्हॉट इज धिस?"

"रोमन फोरम. प्लीज डोन्ट पार्क."

बिचारा रिकार्डो! महिनाभर तो कचऱ्याची ढकलगाडी रेघांच्या बाहेरून नेत होता.

एके दिवशी मी गप्पांच्या नादात चौदा आणि पंधरा नंबरच्या खांबांमधून सरळ पुढे गेले. मागे बघते तो बेनीभाऊ नाहीत. ते चौदा नंबरला लांबून वळसा घालून येत होते.

"मधून या की! जवळ पडतं."

"ती कमान आहे," ते म्हणाले. "आमचं यरुशलेमचं देऊळ लुटलं ना रोमनांनी, त्याच्या विजयाची. लुटीचं चित्रसुद्धा कोरलंय आत, आमची समई खांद्यावर घेऊन चाललेत. आमच्यातली जुनी माणसं तिच्याखालून जात नाहीत."

"अगोबाई! मग मी गेले ते?"

"तुम्ही जा ताई. तुमचं काही भांडण नाही."

मी परत गेले आणि वळसा घालून आले. शेजारधर्म म्हणून. पार्किंगमधल्या सिमेंटच्या खांबांना वळसा घालणाऱ्या दोन म्हाताऱ्यांकडे रिकार्डो बघत होता, आणि त्याने हळूच छातीवर क्रूसाची खूण केली.

एक गोष्ट मात्र मला समजत नव्हती. चालता चालता बेनीभाऊ मध्येच थांबायचे. दमले म्हणून नाही. चांगले ताठ उभे, वहीत बघत.

"इथे पाच मिनिटं."

"पाय दुखतात का?"

"नाही. इथे थांबायचं आहे."

"अहो पण कशाला?"

"लिहिलंय ना," म्हणायचे आणि वही छातीशी धरायचे. मी विचारलं नाही जास्त. म्हटलं, असेल काही उताराचं.

परीक्षेचा रविवार आला. एस्थर हातात कॉफीचा कप आणि फोन घेऊन उभी. फोनवर घड्याळ लावलेलं. बेनीभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि नवे बूट. मी कडक आवाजात तिकीट मागितलं, त्यांनी ग्रोसरीची पावती दाखवली. निघाले. काय सांगू तुम्हाला, असा चालला तो माणूस! खांबाला वळसा, रॅम्प चढून खाली, देवळं, चौक, फेऱ्यांवर फेऱ्या, धाप नाही लागली. शेवटी जाळीपाशी उभे राहून त्यांनी नदीकडे बघावं तसं भिंतीकडे बघितलं. मी टाळ्या वाजवल्या. रिकार्डोनेही वाजवल्या.

एस्थर हसली. खरंच खूश झाली होती. "ओके पप्पा, यू विन! यू आर फिटर दॅन मी. यू डोन्ट नीड एनीबडी. मी एप्रिलचं बुकिंग करते. वन टिकेट, आइल सीट. व्हीलचेअरची गरजच नाही."

जिंकलेल्या माणसाचा चेहरा कसा व्हायला हवा? बेनीभाऊंचा झाला तसा नाही.

"आइल सीट," ते म्हणाले. "बरी असते आइल सीट." मग म्हणाले, "बूट नवे आहेत, जरा चावतात. मी वर जातो." आणि लिफ्टकडे गेले. वही तिथेच, कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटवर राहिली.

"काय झालं पप्पांना?" एस्थर म्हणाली. "ही गॉट व्हॉट ही वाँटेड, राइट?"

मी वही उचलली. द्यायचीच होती, पण उघडली. दुसऱ्याची वही उघडू नये हे मलाही कळतं. त्यांचं अक्षर बारीक, सरळ, ओळ कुठे कलायची म्हणून नाही. मी पहिलं पान वाचलं, मग परत पहिल्यापासून वाचलं.

"आंटी? व्हॉट डज इट से? मला मराठी वाचायला खूप वेळ लागतो."

मग मी मोठ्याने वाचलं. पार्किंगमध्येच, उभ्याने.

"सव्वादहा: एस्थर कॉफी, ओटचं दूध. दहा चाळीस: कमान. वळसा घालताना कारण सांगायचं, फार लांबवायचं नाही. अकरा: पाच मिनिटं थांबणे, एस्थरला ऑफिसचा फोन येईल. अकरा वीस: परत पाच मिनिटं, परत फोन येईल. साडेअकरा: सावलीत बाक आहे. एस्थरची टोपी आपल्या पिशवीत घेणे, ती विसरते. बारा दहा: नदी. गटाराचं तोंड पुलावरून दिसतं. लहानपणी पाटात पान टाकून ती धावायची, कुठून बाहेर येतं बघायला. आठवतं का, विचारणे. आठवत नसेल तर राहू देणे."

पानावर पानं तशीच. एकही दिवस एकट्याचा नव्हता.

एस्थरच्या हातातला फोन वाजला, तिने तो न बघताच खिशात टाकला. "पण त्यांनी मला विचारलंच नाही, आंटी. ही नेव्हर आस्क्ड."

"तू कामात असतेस ना गं," मी म्हटलं. "विचारलं असतं तर तुला नाही म्हणावं लागलं असतं. ते नको म्हणून नसेल विचारलं."

ती वही घेऊन वर गेली. मी मागोमाग. दार उघडंच होतं. बेनीभाऊ खुर्चीत बसून बुटांची नाडी सोडत होते, आणि ती सुटत नव्हती. एस्थर त्यांच्यासमोर खाली बसली. तिने नाडी सोडली, दोन्ही बूट काढून बाजूला ठेवले आणि मग वही त्यांच्या मांडीवर ठेवली.

"पप्पा, देअर इज अ मिस्टेक इन युवर प्लॅन."

"मिस्टेक?" बेनीभाऊ ताठ झाले. "माझ्या प्लॅनमध्ये? शक्य नाही."

"सव्वादहाला कॉफी? सव्वादहापर्यंत माझं डोकं दुखायला लागतं. आय नीड इट ॲट नाइन थर्टी."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी छताकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला, परत काढला.

"साडेनऊ म्हणजे..." त्यांनी वही उघडून पानावर बोट ठेवलं. "म्हणजे सगळंच पाऊण तास अलीकडे घ्यावं लागेल. पहिल्या दिवसापासून."

"सो? घ्या."

"आणि एअरपोर्टवरून आपण बसने जायचंय, ट्रेनने नाही. बसमधून जुने पाण्याचे पूल दिसतील."

"बस? आफ्टर अ नाइन-अवर फ्लाइट? नो वे, पप्पा."

"मग तुला उतार कसा दिसणार?"

"आय डोन्ट केअर अबाउट द उतार!"

मी दार हळूच ओढून घेतलं. कॉरिडॉरमध्ये उभी राहिले थोडा वेळ, खोटं कशाला बोलू. आत दोघं एकमेकांवर ओरडत होते, आणि आवाज इतके सारखे की बाप कुठला आणि लेक कुठली, ते दाराबाहेरून कळत नव्हतं.