सखाराम पेंटरची अक्षरं

सखाराम पेंटरनं आमच्या कारखान्यातल्या विजेच्या खोलीवर ‘धोका’ हा शब्द असा काही रंगवला, की कामगार तो बघायला मुद्दाम जवळ जाऊ लागले. ‘ध’ गाल फुगवून बसलेला, मात्रा टोपीसारखी तिरकी, आणि शेवटचा काना आता पडतो की मग. मॅनेजर भडकले. “अहो, हे वाचून माणूस घाबरला पाहिजे!”

“साहेब, घाबरलेला माणूस पळतो. वाचतो कुठं?”

पुंडलिकनगरात तो माझ्या शेजारी एकटाच राहायचा. घराणं कन्नड तालुक्यातलं, मेंढपाळाचं. अक्षरं आखायला पट्टी कधी वापरली नाही. “मेंढरं सरळ चालत्यात व्हय? मग अक्षरं कशाला चालवू?” ओळख झाली की आधी माणसाचं आडनाव तपासायचा. माझ्या आडनावात ‘ळ’ आहे, म्हणून मला मान होता. “ळ मिळायला लई नशीब लागतं, गुरुजी!” मी गुरुजी नव्हतो, स्टोअरमध्ये कारकून होतो, पण ते त्याला पटत नसे.

ते दिवस नामांतराचे. विद्यापीठाच्या नावावरून शहर तापलेलं. आमच्या कारखान्यातल्या गौतम फिटरचं गावाकडचं घर जाळलं गेलं. आईला घेऊन तो शहरात आला, पण त्याचं नाव ऐकलं की रिकाम्या खोल्या लगेच भरायच्या. शेवटी आमच्या गल्लीत एक मिळाली. त्यानं दारावर पाटी मात्र लावली नाही.

हे मी सखारामला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो रंगाचे डबे घेऊन गौतमच्या दारात हजर; मागोमाग मी.

“राहू द्या मामा,” गौतम म्हणाला. “उगं लोकांच्या डोळ्यात कशाला?”

“तू नाय म्हणलास तर जातो.”

आतून त्याची आई आली. “लिहा. आडनावासकट लिहा.”

सखारामनं लिहिलं. समोरची एक खिडकी धाडकन बंद झाली. त्यानं मान वळवली नाही.

“मला वाचता येत नाय,” आई म्हणाली, “पण हसतंय न्हवं ते?”

“हसतंय, मावशी.”

“तुमच्या दारावर कसं लिहिलंय?”

सहा वर्षांचा शेजार. त्याचं दार कोरं आहे हे मला तेव्हा जाणवलं.

“काय नाय लिहिलं,” तो ब्रश पुसत राहिला. “बायको गेली. आता वाचणारं कोण हाय?”

“आम्ही हाव की. च्या टाकलाय, आत या.”

गल्ली बघत होती. सखारामनं चपला काढल्या आणि आत गेला.

मी क्षणभर दारात थांबलो. मग मीही काढल्या.