डाव्या कोपऱ्याचा संशय

मला फसवणारा माणूस पनवेलमध्ये अजून राहायला आलेला नाही! विमानतळ आला, मेट्रो आली, टॉवरवर टॉवर आले; पण तो काही आला नाही. भाजीवाल्याच्या काट्याखाली मी वाकून बघतो. हॉटेलात आधी बिलाची बेरीज, मग बडीशेप. आमच्या दिपिकाचं म्हणणं तर असं, की लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर मी तिच्याकडे पाहिलं ते, दाखवली तीच आणली आहे ना, अशा नजरेनं!

नोकरी ऑडिट फर्ममध्ये आहे, त्याला मी काय करू? दुसऱ्याच्या बेरजेवर विश्वास ठेवायचा नाही, याचाच मला पगार मिळतो.

तर असा मी, आणि मला हवी होती एक लेन्स. फुल फ्रेम मिररलेस कॅमेरा मी गेल्या वर्षी घेतला होता. त्याला वाइड झूम पाहिजे होती, म्हणजे समोर असेल ते सगळं एका फोटोत कोंबणारी. कर्नाळ्याचा सुळका, खालचं जंगल आणि वरचं अख्खं आभाळ, सगळं एकदम! नव्या लेन्सची किंमत ऐकून मी दुकानातून पाणी पिऊन परत आलो होतो. अशात निनादचा फोन आला. निनाद वापरलेले कॅमेरे आणि लेन्स विकतो.

"टिपणीस साहेब, तुमचीच लेन्स आलीय. वाइड झूम, सोळा-पस्तीस. एका डॉक्टरांनी घेतली आणि कपाटात ठेवली. अक्षरशः नवी!"

'अक्षरशः' हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात.

मी दुकानात गेलो. टॉर्च मारून लेन्स आतून पाहिली, बाहेरून पाहिली, कानाशी धरून हलवून पाहिली, आणि वास घेतला.

"वास कशाला?" निनाद.

"बुरशी."

"साहेब, लेन्स आहे ती, लोणचं नाही."

"तू एवढा हसतोयस का?"

"बरं, नाही हसत. घरी न्या. रविवार संध्याकाळपर्यंत हवी तशी तपासा. पटली तर तुमची, नाही पटली तर परत. मात्र दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, सोमवार नाही चालणार."

स्वतःहून परत घ्यायला तयार असलेला दुकानदार! माझा संशय बळावला. डॉक्टरांनी कपाटात ठेवली, ती का ठेवली? चांगली वस्तू कोणी कपाटात ठेवतं?

वाइड लेन्सची लबाडी कोपऱ्यात असते. मध्यभागी सगळ्याच लेन्स सज्जन. कोपऱ्यात जाऊन बघा, चित्र धुरकट आणि रेषा वाकड्या. हे पकडायचं तर समोर विटांची सपाट, बिनगिलाव्याची भिंत लागते. विटांच्या कडा सगळीकडे सारख्या रेखीव आल्या तर लेन्स चांगली. पण बिनगिलाव्याची भिंत आणायची कुठून? जिथे भिंत आहे तिथे क्लासची जाहिरात आहे, नाहीतर कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा.

शेवटी ओवे गावात एका गल्लीत सापडली. लांबलचक, उघड्या विटांची, एका लग्नाच्या लॉनची कंपाउंड वॉल. मला तर गहिवरूनच आलं.

शनिवारी सकाळी मी तिथे पोचलो. कॅमेरा भिंतीला अगदी काटकोनात हवा, म्हणून दोन्ही टोकांपासून टेपनं अंतर मोजलं. रस्त्यावर खडूनं खुणा केल्या. ट्रायपॉड उभा केला, त्यावर बुडबुडावाली लेव्हल ठेवली, एक डोळा मिटला.

तेवढ्यात भिंतीवरून एक डोकं वर आलं. पन्नाशीच्या बाई होत्या.

"काय मापताव?"

"काही नाही."

"काय नाय तं मग टेप कशाला?"

आता लेन्सचं नाव काढावं तर ती गोष्ट त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कानावर जाणार! कोण कोणाचा पाहुणा निघेल, इकडे भरवसा नाही. मी आवाज खाली आणून म्हटलं, "बाई, ते आत्ता सांगता येणार नाही."

डोकं खाली गेलं. मी चटकन समोरून फोटो काढून घेतले. आतून हाक ऐकू आली, "अवो! बाहेर या! सर्वेवाला आलाय! सांगतपन नाय!"

आता तुम्ही आमच्या भागातले असाल तर तुम्हाला समजावून सांगायला नको. इथे तीन पायांवर काहीही उभं केलं, की माणसाला आधी सातबारा आठवतो. तीन पायांचं यंत्र आलं की पाठोपाठ रस्ता येतो, नाहीतर नोटीस येते, आणि दोन्ही आली तर घराची ओटी जाते. मला हे ठाऊक होतं. पण त्या वेळी माझं सगळं लक्ष कोपऱ्यात होतं!

लॉनचे मालक भगवानशेठ घरत बाहेर आले. पांढरा शर्ट, गळ्यात साखळी, चेहऱ्यावर असं हसू की जणू मी मुलीकडचा. त्यांच्यामागून एक खुर्ची आली, मग छत्री आली, मग थंडगार कोकम सरबत आलं.

"साहेब, उन्हात कशाला? बसा ना. मनस्वी, साहेबांना पंखा लाव गो!"

मनस्वी म्हणजे त्यांची मुलगी. लॉनचं इन्स्टाग्राम तीच सांभाळते. तिनं पंखा लावला आणि दुसऱ्या हातानं मोबाइलवर माझा व्हिडिओ काढायला लागली.

माझ्यावर कोणी एवढं प्रेम केलं की मी आधी खिसा चाचपतो. अनोळखी माणूस सरबत का देईल? लगेच ट्यूब पेटली. निनादचा माणूस! मी विरघळावं आणि लेन्स पास करावी म्हणून याला पेरलंय!

"हे सगळं कुठून आलंय ते तुम्हाला माहीत आहे, होय ना?" मी तिरकस विचारलं.

शेठचं हसू विझलं. "वरून?"

"कुठून ते तुम्हीच सांगा."

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. बघा! दोषी माणसाला घाम येतो!

"साहेब, फोटो दाखवाल? नुसता एक."

एवढं सरबत प्यायल्यावर नाही कसं म्हणणार? मी मघाशी भिंतीच्या टोकाशी उभं राहून एक फोटो काढला होता, तो स्क्रीनवर दाखवला. आता वाइड लेन्सचा स्वभाव असा, की जवळचं ती फुगवते आणि लांबचं आक्रसते. फोटोत शेठच्या भिंतीचं जवळचं टोक आगबोटीसारखं रस्त्यात घुसलेलं, आणि रस्ता बिचारा भांगाएवढा!

"एवढी बाहेर हाय?" शेठ कुजबुजले.

"बघू, बघू!" समोरच्या घरातून आवाज आला. शेठचे चुलतभाऊ दिनानाथ बनियनवरच धावत आले होते. व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर पोचला होता तर! त्यांनी स्क्रीनमध्ये पाहिलं आणि टाळी वाजवली. "आठ वरसां बोंबलतोय मी! रस्ता खाल्लान यानं! त्याच्याच पायी तर गिलावा अडवलाय! आता सरकारी फोटो आला!"

"तुजा ओटा बघ आधी!"

"माजा ओटा आज्याच्या काळातला हाय!"

"साहेब, याच्या बाजूनं काढा! काढाच!"

एका फोटोनं गल्लीत शांतता होईल या भाबड्या आशेनं मी ट्रायपॉड उचलला आणि दिनानाथांच्या बाजूनं एक काढला. झालं! या फोटोत ओट्याचा झाला रेल्वेचा फलाट, आणि शेठची भिंत कुठेतरी क्षितिजावर!

आता दोघंही स्क्रीनला नाक लावून.

"हे खरं नाही हो," मी समजावलं. "जवळून काढलं की मोठं दिसतं."

दिनानाथ हळूच शेठना म्हणाले, "जवळून पकडलंय आपल्याला."

आयुष्यात पहिल्यांदा दोघा भावांचं एकमत झालं असावं. त्यांनी मिळून मला विचारलं, "निर्णय कवा?"

"उद्या संध्याकाळी," मी कॅमेरा गुंडाळत म्हटलं. लेन्सचा म्हणायचं राहून गेलं.

घरी येऊन फोटो मोठ्या पडद्यावर लावले आणि इतके मोठे केले की एकेक वीट गादीएवढी झाली. मधल्या विटा रेखीव, उजव्या कोपऱ्यातल्या रेखीव. आणि डाव्या कोपऱ्यातल्या? मऊ! धुरकट! कडा कुठे सुरू होते, कुठे संपते, पत्ता नाही!

"सापडला!" मी ओरडलो.

दिपिका स्वयंपाकघरातून आली. "कोण?"

"डावा कोपरा! डॉक्टरांनी कपाटात का ठेवली, कळलं?"

"अहो, भिंतच तशी असेल."

"भिंत कशी तशी असेल? भिंत ती भिंत!"

तरी मी न्यायी माणूस आहे. यावर एक अखेरची चाचणी असते. कॅमेरा उलटा टांगायचा आणि तीच भिंत परत टिपायची. धुरकटपणा भिंतीच्या त्याच टोकाला राहिला तर दोष भिंतीचा. दुसऱ्या टोकाला गेला, तर लेन्स चोर! रविवारी सकाळी जाऊन उलटा फोटो काढायचा आणि संध्याकाळी निनादला उलटा टांगायचा, असं मी ठरवलं.

रविवारी सकाळी त्या गल्लीत वळलो आणि मला वाटलं, रस्ता चुकलो. समोर मैदान होतं. भिंत नव्हती! जिथे होती तिथे जेसीबी उभा होता. आपल्या दारात चपलांचा स्टँड असतो तसा शेठच्या दारात जेसीबी असतो. पलीकडे दिनानाथ स्वतः घण घेऊन आज्याच्या काळातला ओटा फोडत होते!

"माझी भिंत!" मी किंचाळलो.

"तुमची कशी? आमची!" शेठ हात जोडून पुढे आले. "पण साहेब, आता लिवा. अतिक्रमण निरंक."

"अहो, मला ती भिंत हवी होती! उलटी करून बघायची होती!"

"उलटीच केली ना साहेब," त्यांनी ढिगाऱ्याकडे बोट दाखवलं.

मग मी सगळं ओकलो. मी सर्व्हेवाला नाही, ऑडिटवाला आहे, ही लेन्स आहे, तिचा डावा कोपरा आहे, संध्याकाळपर्यंत निनादच्या दुकानात परत द्यायची आहे! शेठनी शांतपणे ऐकून घेतलं. मग बायकोकडे वळून म्हणाले, "भामा, बघितलंस? खरा अधिकारी कवाच कबूल करत नाय."

तेवढ्यात एक रिक्षावाला त्या रुंद झालेल्या गल्लीतून सुसाट आला, माझ्यापाशी थांबला आणि माझ्या पाया पडून गेला!

मी दुसरी भिंत शोधत रोडपालीपर्यंत भटकलो. एक सापडली तिच्यावर वेल होता, दुसरीवर कुत्रं झोपलं होतं, आणि तिसरीच्या मालकानं मला टेपसकट बघून गेटच लावून घेतलं. ओव्याचा व्हिडिओ माझ्याआधी पोचला होता! दिवस कलला. शंकेचा फायदा आरोपीला देतात म्हणे. माझ्या खात्यात ती पद्धत नाही. मी लेन्स निनादच्या काउंटरवर ठेवली.

"डावा कोपरा," मी एवढंच म्हटलं.

"बरं," तो म्हणाला, आणि लेन्स मागच्या कपाटात ठेवली.

वाद नाही, रुसवा नाही! म्हणजे त्याला माहीत होतं! मी छाती काढून घरी आलो आणि दिपिकाला म्हटलं, "वाचलो!"

पंधरवड्यानं शेठचा फोन आला. नवी भिंत झाली, गिलाव्यासकट. दोघं भाऊ मिळून सत्यनारायण घालतायत. साहेबांनी सहकुटुंब यायचंच. गल्लीच्या तोंडाशी फलक होता, 'रस्ता रुंदीकरणाचे प्रणेते मा. टिपणीस साहेब यांचे सहर्ष स्वागत'. दिपिकानं तो वाचला आणि पदर तोंडाला लावला.

लॉनच्या मागच्या बाजूला जुन्या विटांचे दोन ढीग होते. एकातल्या विटा कोऱ्या, करकरीत. दुसऱ्यातल्या? कडा झिजलेल्या, कोपरे उडालेले, साबणाच्या वापरून उरलेल्या वड्यांसारख्या गोलमटोल! मी थबकलो.

"या कुठल्या?"

"त्या व्हय?" भामाबाई म्हणाल्या. "आमच्या जुन्या घराच्या. भित बांधताना नव्या कमी पडल्या, म्हणून त्या टोकाला लावल्या व्हत्या. रस्त्यावरून बघितलं तं डाव्या अंगाला."

भिंतीचं अंतर मी टेपनं मोजलं, रस्ता खडूनं आखला. पण चार पावलं पुढे जाऊन वीट काही डोळ्यांनी पाहिली नाही!

"साहेब, इकडं या!" मनस्वीनं हाक मारली. तिच्या गळ्यात कोरा कॅमेरा होता आणि त्याला लेन्स... मी लेन्सकडे पाहिलं आणि मला तिचा वाससुद्धा आठवला.

"ही कुठून घेतलीस?"

"निनाददादाकडून. त्या दिवशी तुमच्या फोटोत भिंत एवढी मोठी दिसली ना, म्हटलं, याच्यात आपलं लॉन केवढं दिसेल! दुकानात गेले तं तुमी नुकतेच देऊन गेलेले. तीच घेतली."

"तपासलीस?"

"मी कशाला तपासू? दादा बोलला, पनवेलमधल्या सगळ्यात संशयी माणसानं दोन दिवस तपासलीय, आणि एक कोपरा सोडून त्यालापन काय मिळालं नाय! याच्यावर अजून काय गॅरंटी पायजे?"

मग सगळ्यांचा फोटो झाला. मानाचे पाहुणे म्हणून मला मध्ये बसवत होते, पण मीच हट्टानं उठलो आणि अगदी डाव्या टोकाला जाऊन उभा राहिलो. एवढी आशा तरी माणसाला असावी!

घरी जाताना रिक्षात फोटो मोबाइलवर आला. कोपऱ्यातलं सगळं ताणलं जातं, तसा मीही ताणला गेलो होतो. डोकं दुधीसारखं, खांदा दोन माणसांचा. मी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. मिशीचा केस न् केस सुटा दिसत होता. त्यातले रंगवायचे राहिलेलेसुद्धा.

"कसा आलाय हो?" दिपिकानं विचारलं.

"कोपऱ्यात जरा धुरकट आहे," मी म्हटलं, आणि मोबाइल खिशात घातला.