अंगणात आखलेली गाडी

११ ऑक्टोबर, शनिवार. आजचं काम : गिरणीतून दळण आणणं.

आठ किलो गहू आणि तीन किलो तांदूळ. गाडी होती तेव्हा हे काम कामात धरलंच जात नसे. शाळेतून येताना डबे डिकीत टाकले की झालं. आता एक डबा काखेत, एक हातात, आणि रिक्षा चढाच्या खालीच सोडते, कारण वर वळायला जागा नाही असं सगळ्या रिक्षावाल्यांनी मिळून ठरवलंय. चढून आले, फाटक पायाने ढकललं आणि दोन्ही डबे धपकन खाली ठेवले.

"अगो, बॉनेटवर ठेवलेस," भाऊ म्हणाले.

भाऊ म्हणजे माझे थोरले दीर. हातात पाइप धरून ते अंगण धूत होते. अंगण म्हणजे अंगणातली गाडीची जागा. गाडी नाही. जुलैत बुक केली, अजून आलेली नाही. पण तिची जागा भाऊ रोज सकाळी धुतात, खराट्याने पाणी काढतात आणि ओणवे होऊन टायरच्या जागी चिखल राहिला नाही ना ते बघतात.

तिथे पांढऱ्या रेघांनी गाडी आखलेली आहे. आधी चुन्याने आखली होती. पावसात रेघा जायच्या, भाऊ परत मारायचे. शेवटी त्यांनी ऑइलपेंट आणला. लांबी-रुंदी कंपनीच्या पत्रकाप्रमाणे, आरसे उघडे धरून. दारं उघडल्यावर कुठवर येतील त्या रेघा तुटक. या गाडीवर मी गोधड्या वाळत घालायच्या नाहीत, कुणी सायकल लावायची नाही, आणि घरात येताना तिला वळसा घालून यायचं. पोस्टमन मुकाट्याने वळसा घालतो. कुरिअरचा एक नवा माणूस सरळ चालत आला, तर भाऊ त्याला म्हणाले, "मागच्या सीटवरून आलात." त्याने सही न घेताच पाकीट दिलं आणि परत जाताना कुंपणाच्या कडेकडेने गेला.

भाऊंची सगळी नोकरी जमीन मोजणीत गेली. लोकांच्या बागांच्या हद्दी ठरवल्या, सख्ख्या भावांना बांधाच्या दोन बाजूंना उभं करून कुणाचं कलम कुणाच्या हद्दीत ते सांगितलं, शिव्या खाल्ल्या. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी खिशात टेप असते. लग्नाला गेले तर मांडव मोजतात. आणि कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर : "चौकशी केलेली आहे." पाणी का आलं नाही? चौकशी केलेली आहे. पुढे काय कळलं ते सांगत नाहीत. चौकशी केली यातच त्यांचं समाधान.

घरात आम्ही तिघं. भाऊ, त्यांची बायको शालूवहिनी आणि मी. माझा नवरा जहाजावर असतो. घरी नसणं हाच त्याचा व्यवसाय. गाडी चालवते ती मी. भाऊ कधी शिकले नाहीत. ते शेजारी बसून डावीकडे किती इंच जागा आहे ते सांगतात.

फेब्रुवारीत वहिनींना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. वाक्य मनात तयार असतं, पण शब्द एकेक करून येतात, एसटीतून म्हाताऱ्या उतरतात तसे. चाकाच्या खुर्चीत बसवलं की घरभर फिरतात, पण खुर्चीतून गाडीत आणि गाडीतून खुर्चीत हे मोठं दिव्य. पूर्णगडला त्यांचं माहेर. तिथे त्यांची आई आहे, ब्याण्णव वर्षांची. दुखणं आल्यापासून मायलेकींची भेट नाही. आई खाट सोडून हलू शकत नाहीत, वहिनी खुर्ची सोडून. व्हिडिओ कॉल करून पाहिला. आईंना फोनच्या काचेत काही दिसेना, त्यांनी तो उशीकडे वळवून शेजारी ठेवला, आणि आम्ही पंधरा मिनिटं त्यांची उशी बघत बसलो.

माझी गाडी फारच बुटकी, म्हणून जूनमध्ये भाड्याची गाडी केली. तिची सीट खुर्चीपेक्षा चार इंच खाली होती. भाऊंनी मोजून सांगितलं, चार इंच म्हणजे काही नाही. त्यांनी काखेत हात घातले, मी गुडघ्यांखाली धरलं. मध्येच भाऊंची पकड सुटली आणि वहिनी फाटकाच्या चिऱ्यावर आदळल्या. कपाळाला पाच टाके. त्यानंतर गाडी म्हटलं की त्या एकच शब्द बोलायच्या आणि तो लगेच यायचा : "नको."

मग भाऊंनी नवी गाडी घ्यायचं काढलं. आम्ही तीन शोरूम फिरलो. तिथली मुलं सनरूफ दाखवायची, भाऊ टेप काढून जमिनीवर बसायचे.

"काका, हे लेदर आहे बघा."

"लेदर किती उंचीवर आहे?"

"आणि मायलेज तर—"

"दार किती अंश उघडतं?"

एका शोरूममध्ये ते वहिनींची खुर्चीच घेऊन गेले, रिक्षात घालून. खुर्ची गाडीला लावली, स्वतः तिच्यात बसले, आणि उजवा हात-पाय न हलवता सीटवर सरकून दाखवलं. सगळं शोरूम बघत होतं. सरकता आलं. सीट खुर्चीच्या बरोबरीला होती. "हीच," भाऊ म्हणाले. रंगसुद्धा विचारला नाही. गाडी गणपतीपर्यंत मिळेल असं सांगण्यात आलं, आणि पहिली फेरी पूर्णगड असं ठरलं. वहिनी त्या दिवशी "नको" म्हणाल्या नाहीत.

बुकिंग झालं त्याच आठवड्यात त्यांनी माझी जुनी गाडी विकली. मला विचारलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "जुनी दारात उभी असली की नवीला यायची लाज वाटते."

तेव्हापासून आमचे हे हाल. शाळेत जायला मला दोन रिक्षा लागतात. शाळेच्या वाचनालयाची पुस्तकं मी बाजाराच्या पिशवीतून नेते, एका इतिहासाला माशांचा वास येतो. गॅसची टाकी संपली की आधी नवऱ्याची आठवण येते, मग राग. भाऊ दर रविवारी एसटीने एकटे पूर्णगडला जातात, सासूच्या खाटेपाशी दोन तास बसतात आणि परत येऊन वहिनींना हिशोबात सांगतात. आज पेज दोन घास जास्त गेली. खाटेचा सुंभ सैल झाला होता, आवळून आलो. रोज अकरा वाजता ते शोरूमला फोन करतात. तिथली मुलगी आवाज ओळखते. "काका, कंपनीकडून काही नाही," एवढं बोलून आता ती वहिनींची तब्येत विचारते. गणपती आले आणि गेले, गाडी आली नाही.

आणि मग आली.

पितृपक्षाचा दुसरा दिवस होता. मी शाळेत. शोरूमवरून फोन आला की गाडी आली आहे, उद्या घेऊन जा. आली कशी, तर यादीत वरचे दोघं पितृपक्षात डिलिव्हरी नको म्हणाले. आमच्या भागात या पंधरवड्यात कुणी रुमालसुद्धा नवा घेत नाही. भाऊंनी काय सांगावं? "घटस्थापनेला घेऊ."

मला संध्याकाळी कळलं. मी उलट फोन केला तेव्हा चिपळूणच्या कुणी गृहस्थांनी पैसे भरलेसुद्धा होते. "काकांनी नको म्हटलं ना," ती मुलगी म्हणाली. "आता जानेवारी. बहुधा." तो 'बहुधा' मला जानेवारीपेक्षा जास्त लागला. मी भाऊंना खूप बोलले. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "चौकशी केलेली आहे." त्यानंतर तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या सकाळी जागा धुतलेली होतीच.

हे सगळं आज परत वर आलं, कारण दुपारी पूर्णगडहून फोन आला. वहिनींच्या भावजयीचा. "आई माणसं विसरायला लागल्यात. काल मला कोण तू म्हणाल्या. वन्संना आणायचं तर लवकर आणा."

फोन स्पीकरवर होता. वहिनी समोरच होत्या. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला, एवढंच.

चहाच्या वेळेला मी भाऊंना ओटीवर गाठलं.

"भाऊ, तुम्ही हे घर बांधलंत तेव्हा अमावास्येला पाया खणलात. का, तर त्या दिवशी मजूर मोकळे होते. जन्मात कधी पंचांग बघितलं नाहीत. मग याच वेळेला पितृपक्ष कुठून काढलात?"

त्यांनी टेप बाहेर काढली. पट्टी थोडी ओढली, सोडली. परत ओढली.

"मी सगळं मोजलं होतं गो जूनमध्ये," ते म्हणाले. "तरी ती माझ्या हातातून पडली. तुझ्या नाही, माझ्या. मग मापात न येणारं काहीतरी असतं की नाही? नसेल तर उत्तम. पण असलं तर? कोपऱ्यावरच्या भटजींना विचारलं. म्हणाले, पंधरा दिवस थांबा. म्हटलं, पंधरा दिवसांनी काय होतंय? परत पडायला नको."

"हीच तुमची चौकशी?"

"हीच."

मला त्यांना आणखी बोलायचं होतं, महिन्याभराचं साठलेलं होतं. पण सत्तरीचा माणूस असा टेपशी खेळत बसलेला बघून बोलवेना. आणि बोलून जानेवारी काही अलीकडे येत नव्हता. मी म्हटलं, "खालच्या आळीतल्या दिलीपचा टेम्पो आहे. मागे फळी लावली की खुर्ची सरळ वर चढेल. उचलायचं नाही, सरकवायचं नाही. बसल्या आहेत तशाच नेऊ."

"टेम्पोतून?" भाऊ ताठ झाले. "माणसाला? आंब्याच्या पेटीसारखी बांधून नेऊ मी तिला?"

आतून चाकांचा आवाज आला. वहिनी उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. ओठ हलले. आम्ही थांबलो.

"आंबे," त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, "वेळेवर पोचतात."

भाऊंनी टेप खिशात ठेवली.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी सहाला मी दिलीपच्या दारात उभी होते.

"मासे नाही ना नेलेस काल?"

"नाय वो काकी. बर्फ नेला."

"कशासाठी?"

"माशांसाठी," तो म्हणाला.

मी टेम्पो दोनदा फिनेलने धुतला. फळी दिलीपने आणली. भाऊंनी तिचा उतार बघितला, नको तितक्या वेळा, आणि तिच्याखाली दोन चिरे सरकवले. खुर्ची वर चढली. मी ती काथ्याने चारी बाजूंनी आवळून बांधली आणि गाठी ओढून पाहिल्या. भाऊ एका पालथ्या पेटीवर वहिनींसमोर बसले, दोन्ही हातांनी खुर्ची धरून. दिलीपला मी सांगितलं, तिसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही. मी पुढे दिलीपशेजारी बसले; केबिनची मागची काच फुटकी होती, त्यातून दोघं दिसत होती. पावसच्या वळणांवर वहिनी डाव्या हाताने भाऊंचा शर्ट धरत होत्या. पडायच्या भीतीने की त्यांनाच सावरायला, ते कळत नव्हतं. खाडी दिसली तेव्हा त्यांनी तोंड तिकडे केलं आणि तसंच ठेवलं.

आईंची खाट पडवीत होती. भावजयीने त्यांना टेकून बसवलं. आम्ही खुर्ची खाटेला अगदी लावली. वहिनींनी डाव्या हाताने आईचा हात धरला. आईंनी त्या हाताकडे बघितलं, वहिनींच्या तोंडाकडे बघितलं, कपाळावरच्या व्रणाकडे बघितलं, परक्या बाईकडे बघावं तसं, भीड राखून. मग त्यांची नजर वर भाऊंवर गेली आणि चेहरा उजळला.

"जावईबापू आलात? बसा हो," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांच्या मागे, दाराकडे बघत : "आमच्या शालूला नाही आणलंत?"

भाऊंनी तोंड उघडलं. मग त्यांनी खाटेचा खूर धरला.

वहिनींचे ओठ हलायला लागले. भावजय काहीतरी बोलणार होती, मी तिला खुणेने थांबवलं.

"शालूची," वहिनी म्हणाल्या, "गाडी... यायचीय अजून."

आईंनी मान हलवली. पटलं त्यांना. "मग येऊ दे सावकाश," असं म्हणून त्यांनी त्या परक्या बाईच्या हातावर थोपटलं.

मी बाहेर टेम्पोकडे गेले. पिशवी मी दोन दिवसांची भरली होती. ती आणि वहिनींच्या गोळ्यांचा डबा उतरवून घेतला, आणि दिलीपला सांगितलं, आज आम्ही परत येत नाही, तू मंगळवारी सकाळी ये.