गुरुशांतचा टायमरवाला चहा

"चहा अंदाजानं करायची चीज नाही, मामा. गणित आहे, गणित!"

सासरे सोमलिंगमामा नुकतेच अक्कलकोटहून एसटीनं आले होते. जुळे सोलापूर या उपनगरातल्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकतात न टाकतात तोच जावयानं त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं. गुरुशांत एका कंपनीचं काम घरूनच करायचा, त्यामुळे लॅपटॉपवर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास!

त्यानं तीन टायमर लावले होते. वेळ झाली की लॅपटॉपमधली बाई स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशी खणखणीत ओरडायची. पाणी उकळलं की "तापलं! आवरा!" पत्ती टाकली की "झाकण ठेवा!" आणि बरोबर चार मिनिटं मुरला की "बास! गाळा!"

"डोळ्यांनी दिसत नाही का पाणी उकळलेलं?" बायको सिद्धेश्वरीनं विचारलं.

"तू मध्ये बोलू नकोस. जा, शेंगा सोलत बस!"

गॅस पेटला, टायमर सुरू झाले, आणि नेमकी तेव्हाच पुण्याहून मॅनेजर प्रभुसरांची मीटिंग लागली. आज टीम लीडर ठरणार होता! गुरुशांत दोन वर्षं या पदासाठी झुरत होता. त्यानं कॅमेरा बंद केला, माइकही बंद केला (असं त्याला वाटलं), आणि एक कान मीटिंगकडे ठेवून तो पातेल्याकडे पळाला.

हॉलमध्ये प्रभुसर कडाडत होते, "या महिन्यात एक तरी रिपोर्ट वेळेवर आलाय का?"

"तापलं! आवरा!" लॅपटॉप ओरडला.

गुरुशांतनं गॅस बंद केला, पत्ती टाकली.

"गुरुशांत, वहिनी आहेत का तिथं?" सरांचा आवाज एकदम मऊ झाला. "माफ करा हं वहिनी, जरा जोरात बोललो."

"झाकण ठेवा!"

"ठेवतो, ठेवतो! मुद्द्याचंच बोलतो."

स्वयंपाकघरात गुरुशांतनं घाईनं पातेल्यावर झाकण ठेवलं. तो धावत हॉलमध्ये आला. माइक चालू! बटण दाबायला गेला, तर मामा अंगठा दाखवून त्याच्या कानात कुजबुजले, "जावईबापू, ही बाई लई खमकी हाय! सायबाला गप केलं की!"

गडबडीत बटण राहिलं आणि माऊसच खाली पडला. तो शोधायला गुरुशांत सोफ्याखाली शिरला आणि तीन-चार मिनिटं चाचपडत राहिला. वरून सरांचा आवाज आला, "यादी वाचतो. टीम लीडर म्हणून पहिलं नाव, गुरुशांत..."

"बास! गाळा!"

"अहो वहिनी, पगार वाढेल त्यांचा."

"बास! गाळा!" गुरुशांतनंच हा टायमर दोनदा ओरडेल असा लावला होता, खबरदारी म्हणून!

"बरं बाई, गाळलं. घरात भांडण नको. पुढचं नाव, राजनंदिनी."

सोफ्याखालून गुरुशांत ओरडला, "सर! ती वहिनी नव्हती!"

सर हळूच म्हणाले, "मग कोण होती, हे मी विचारत नाही." आणि मीटिंग संपली.

सिद्धेश्वरी सुपात शेंगा घेऊन दारात उभी होती. "मी कधी म्हटलं हो, गाळा म्हणून?"

गुरुशांतनं गुपचूप चहा गाळला, मामांच्या हातात कप दिला. मामांनी भुरका मारला, डोळे मिटले.

"कसा झालाय, मामा?"

"मुरलाय झकास," मामा म्हणाले. "पण साखर घालायची म्हणून न्हाय का कुणी वरडलं?"