घुबडीणबाईंचे ब्लाइंड्स

एका जंगलात, मुलांनो, ढोलीला खिडकी असणे सुसंस्कृतपणाचे आणि खिडकीला ब्लाइंड्स असणे प्रगतीचे लक्षण मानले जात असे.

तिथे कौशिकीबाई नावाची घुबडीण राहत असे. जंगलाच्या सामायिक धान्यकोठारावर रात्रभर पहारा देणे, हे तिचे काम. दिवसा गाढ झोप मिळाली, तरच रात्री उंदरांची खैर नसे. म्हणून तिने ब्लाइंड्स मागवले.

ते बसवायला हुप्पे नावाचे वानर आले. वानरे घरात राहत नाहीत. त्यामुळे हुप्पे बाहेरच्या फांदीवर बसले आणि त्यांनी ब्लाइंड्स बाहेरूनच ठोकले.

"अहो हुप्पे, दोरी बाहेर राहिली," बाई म्हणाल्या.

"राहणारच. मी बाहेर होतो ना!"

"पण ओढायची मला आहे."

"मग या बाहेर, ओढा, परत आत जा. तेवढाच व्यायाम."

"दिवसा मला बाहेर दिसत नाही."

"म्हणून तर पट्ट्यांतून थोडा उजेड ठेवलाय!"

"हे काढा आणि आतून बसवा."

"बसवतो की. पण खोडाला आतूनही भोकं पडतील. झाड तुमचं आहे, बाई. आपण आधी सांगितलेलं बरं."

बाई विचारात पडल्या. तोवर हुप्पे पाच झाडे ओलांडून गेले होते.

दुसऱ्या दिवशी बाईंचा डोळा लागला न लागला, तोच खर्रकन ब्लाइंड्स वर गेले. बाहेर शेजारची साळुंकी होती.

"अय्या, झोपला होतात? मी आपली बघत होते, किती छान उघडतात!"

"छान बंदही होत असतील. तेही बघा."

साळुंकीने बंद केले. मग जावेला दाखवायला उघडले. जावेने सासूला बोलावले. दोरी वाटेवरच होती. येणारा-जाणारा ती ओढूनच पुढे जाऊ लागला.

बाईंनी खिडकीत पाला कोंबायला घेतला.

"इश्श! एवढे नवे ब्लाइंड्स आणि वर पाला?" साळुंकी कळवळून म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

बाई सुशिक्षित होत्या. त्यांनी पाला काढला.

झोप उडाली ती उडालीच. बाई कोठारावर पेंगू लागल्या. उंदीर आधी दबकत आले, मग सहकुटुंब आले. जंगलाची सभा भरली. "ब्लाइंड्स आल्यापासून बाई ऐषारामी झाल्या," असे सर्वानुमते ठरले आणि त्यांचा पहारा काढून घेण्यात आला.

उंदरांनी मात्र कृतज्ञता सोडली नाही. त्यांनी कोठारातच हुप्प्यांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, सगळे यथासांग. त्यांचे पुढारी आप्पा मूषके स्वतः बाईंकडे आले.

"बाई, अध्यक्षस्थान तुम्हीच भूषवायचं. कार्यक्रम दुपारचा ठेवलाय. तुम्ही जाग्याच असता."

दिवसाचे दिसत नसल्याने आप्पांची शेपटी धरून बाई गेल्या. कोठारात अंधार होता, गारवा होता, आणि आप्पांचे प्रास्ताविक लांबलचक होते. खुर्चीत बसताच बाईंना गाढ झोप लागली.

त्या अध्यक्ष होत्या; कुणालाही काही वावगे वाटले नाही.

तात्पर्य : कामात खोट काढण्याची घाई करू नये. चुकीच्या कामाचेही समाधानी गिऱ्हाईक कुठेतरी असतेच. फक्त ते तुम्ही नसता.