पानिकोसच्या लेकीचा एक दिवस

थेक्लाने सगळं नीट ठरवलं होतं. सकाळी डोंगरातली जुनी थडगी, दुपारी कासवांचा किनारा आणि तिथून थेट विमानतळ. भाची आन्थी मेलबर्नहून कामासाठी सायप्रसला आली होती, बापाच्या गावाच्या वाट्याला एकच दिवस आला होता. एवढं पाहिलं की पोर पुन्हा येईल, ही थेक्लाची आशा. भाऊ पानिकोस तीस वर्षांपूर्वी गेला तो परतलाच नाही. मागच्या वर्षी तिकडच्याच मातीत गेला.

गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि शेजारची लुकिया आडवी आली.

“ही पानिकोसची ना? नाक बघ नाक! उतरा, कॉफी ठेवलीय.”

“येताना थांबतो गं.”

“येताना? ईस्टरला मी तुझ्या दारावरून तशीच गेले, तर महिनाभर बोलली नाहीस!”

हे खरं होतं. दोघी उतरल्या. कॉफी झाली, पाकातले अक्रोड झाले, पानिकोसने पाद्र्याचं गाढव चुन्याने रंगवलं होतं ती गोष्ट झाली.

समोरच्या मारूलाने हे सगळं खिडकीतून पाहिलं होतं. आता तिच्याकडे न बसणं म्हणजे कायमचा अबोला. तिच्याकडे बसल्यावर तिच्या नणंदेने काय घोडं मारलं होतं? तिसऱ्या घरी अक्रोड गिळताना आन्थीने डोळे घट्ट मिटून घेतले.

थडग्यांपाशी पोचल्या तर फाटकाला कुलूप. रखवालदार निओफितोस समोरच आपल्या अंगणात जेवायला बसत होता.

“पाच मिनिटं उघड ना रे.”

“उघडतो की! पण पानिकोसची पोर मेलेल्यांना उपाशीपोटी भेटणार? आधी बसा.”

मटण संपलं तेव्हा चार वाजून गेले होते आणि निओफितोस खुर्चीत घोरत होता. किल्ली त्याच्या मागच्या खिशात, म्हणजे बरोबर त्याच्याखाली. दोघींनी त्याला हाका मारल्या, हलवलं, शेवटी खुर्चीसकट तिरका करून पाहिला. गडी काही उठला नाही.

किनाऱ्याच्या वळणावर सहा वाजले. खाली वाळूत कासवांच्या घरट्यांवर ठेवलेले जाळीचे पिंजरे दिसले, मुंग्यांएवढे. थांबायला वेळ नव्हता.

विमानतळाच्या दाराशी थेक्लाने गाडी उभी केली, पण हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत.

“तुला काहीच दाखवलं नाही मी.”

“आत्या, बाबा घरी लहानपणाचं अवाक्षर काढायचे नाहीत. आज चार घरांत ते मला दहा वर्षांचे भेटले.” आन्थीने सीटबेल्ट काढला. “तूच तेवढी काही बोलली नाहीस.”

मागच्या टॅक्सीने भोंगा वाजवला. थेक्ला हलली नाही.

“निघाला त्या दिवशी माझ्या दारात उभा होता,” ती म्हणाली. “रागात होते मी. आतूनच ओरडले, कॉफी उतू जाईल, मला येता येत नाही.”

“मग?”

“चुलीवर काहीच नव्हतं गं.”