ओझरच्या लॉजची लिंक

ओझरच्या टीना मुथा यांचं पत्र येऊन दोन महिने झाले होते आणि हौशीराम औटींनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. उत्तराचे कच्चे खर्डे मात्र अकरा झाले होते.

हौशीराम खोडदला राहत. तीस वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर भाच्याकडून शिकून त्यांनी एक वेबसाइट काढली होती. जुन्नर-आंबेगावातल्या गावोगावच्या जत्रांच्या तारखा तिच्यावर असत. बारा वर्षांत एकही तारीख चुकली नव्हती, त्यामुळे मुंबईची मंडळी ती पाहूनच गावी यायची गाडी ठरवत. संपर्कासाठी हौशीरामांनी फक्त टपालाचा पत्ता दिला होता. फोन आला की उचलावा लागतो, हीच त्यांना फोनची मोठी अडचण वाटे.

टीनाताईंनी लिहिलं होतं, "आमचा यात्रेकरूंसाठी बारा खोल्यांचा लॉज आहे. 'ओझरला राहायची सोय' असं कुणी शोधलं, तर आमची वेबसाइट चौथ्या पानावर येते. तिथवर कुणी जात नाही. जाणकार म्हणतात, जुन्या आणि विश्वासाच्या वेबसाइटने आपली लिंक दिली की शोधयंत्राचाही आपल्यावर विश्वास बसतो. याला बॅकलिंक म्हणतात. तुमच्या ओझरच्या पानावर आमची लिंक द्याल का? दिवाळीपर्यंत खोल्या भरत्या झाल्या नाहीत, तर सासरे तिथे खताचं गोदाम करणार आहेत."

हौशीरामांना नवल वाटलं. आपल्या वेबसाइटवर यंत्र विश्वास ठेवतं, ही बातमीच होती. त्यांनी चांगले चार दिवस बॅकलिंकवर मिळेल ते वाचून काढलं. निष्कर्ष निघाला, की ही साक्ष आहे. आणि मग अडलं. स्वतः न वाचलेलं पुस्तक त्यांनी कधी वाचकाच्या हाती दिलं नव्हतं. पाय न ठेवलेल्या लॉजची साक्ष कशी द्यायची?

म्हणून ते एसटीने ओझरला गेले. विघ्नहराचं दर्शन घेतलं, लॉजसमोरच्या टपरीवर चहा घेतला आणि परत आले. आत जाऊन काय म्हणायचं, ते ठरत नव्हतं. असं तीनदा झालं.

इकडे टीना वाट पाहून कंटाळली. लॉजचा मॅनेजर गोरख तिला म्हणाला, "वहिनी, एका नावावर कुठं अडून बसता? लग्नाची पत्रिका बघा. खाली जेवढी नावं, तेवढं घर मोठं."

"पण नावं चांगली हवीत ना, गोरखभाऊ."

"नाव म्हंजी नाव. माझ्या मेव्हण्याची वेबसाइट हाये, दहाव्याच्या पत्रिकांची. रोज चार-पाच माणसं असत्यात तिच्यावर."

"माणसं?"

"म्हंजी, गेलेली."

टीनाने कपाळाला हात लावला. गोरखने तो होकार धरला. त्या दिवसापासून प्रत्येक दशक्रियेच्या पत्रिकेत, शोकाकुल मंडळींच्या नावांखाली, आणखी एक ओळ येऊ लागली. 'दहाव्याच्या पाहुण्यांची मुक्कामाची व चहापाण्याची सोय', आणि तिच्यावर लॉजची लिंक. महिन्याभरात सव्वाशे लिंका झाल्या. यंत्राचा विश्वास बसला. लॉज पहिल्या पानावर, पहिल्या नंबरला आला. फक्त 'दहाव्याची सोय' असं शोधलं, की.

खोल्या भरल्या. पण व्हरांड्यात मुंडण केलेली माणसं बसलेली पाहून पेढे घेऊन आलेले यात्रेकरू दारातूनच मागे फिरू लागले. सासरे जवरीलाल येऊन सगळं पाहून गेले. "टीना बेटा, गिऱ्हाईक परत आलं पाहिजे," ते म्हणाले. "दहावा माणसाचा एकदाच असतो." खताच्या गाडीचा दिवस त्यांनी कायम ठेवला.

चौथ्या खेपेला हौशीराम धीर करून लॉजच्या पायऱ्या चढले. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, चेहरा पडलेला. गोरखने त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"या, पावणं. कळंबचंच ना?"

"नाही, मी जरा खोली..."

"पाच नंबरला हातपाय धुवा. गरम पाणी हाये. मंडळी निघालीत घाटावर."

खोली स्वच्छ होती, चादर नुकती धुतलेली होती, नळाला खरंच गरम पाणी होतं. हौशीरामांनी ते वहीत टिपून घेतलं. बाहेर आले, तर पंधरा-वीस माणसं त्यांच्यासाठी थांबली होती. इतक्या लोकांना थांबवल्यावर 'मी तुमच्यातला नाही' असं कसं सांगायचं? ते मुकाट्याने नदीवर गेले.

दहावा कळंबच्या बहिरूआप्पांचा होता. प्रवचन झालं, श्रद्धांजलीची भाषणं झाली आणि माईकवाल्याची नजर मागे बसलेल्या वयस्कर पाहुण्यावर गेली. "आता ज्येष्ठ पावणं दोन शब्द बोलतील."

हौशीराम उभे राहिले, कारण सगळे बघत होते. "बहिरूआप्पांना मी कधी भेटलो नाही," ते म्हणाले. "पण सकाळपासून ऐकतोय, आप्पांच्या बैलांची नावं इथं सगळ्यांना पाठ आहेत. ज्याच्या बैलांचीसुद्धा नावं लोक विसरत नाहीत, तो माणूस चांगलाच असणार." एवढं बोलून ते खाली बसले. आप्पांच्या थोरल्या लेकीने डोळ्यांना पदर लावला.

लॉजवर जेवताना टीना स्वतः वाढायला आली. "बाबा, छान बोललात. आमच्याकडे असं मनापासून बोलणारं कुणी नाही. त्या जत्रावाल्यांना मी पत्र लिहिलं, दोन ओळींचं उत्तर नाही."

"आजारी असतील," हौशीराम पानात बघत म्हणाले.

"बारा वर्सं वेबसाइट चालवतोय म्हंजी वय झालं असंल," गोरख भात वाढत म्हणाला. "गेला असंल."

"असं बोलू नये, गोरखभाऊ."

"वाईट काय बोललो? मेव्हण्याच्या वेबसाइटवर अजून दिसला न्हाई, एवढंच."

हौशीरामांना ठसका लागला. गोरखने पाणी दिलं.

घरी पोचताच त्यांनी ओझरच्या पानावर लिंक टाकली. शेजारी लिहिलं, 'खोली स्वतः पाहिली आहे. चादरी स्वच्छ, गरम पाणी येते.' मग ते पत्राला बसले. पण घाटावरचे पाहुणे आपणच, हे कळवायचं की नाही, यात आणखी आठ खर्डे गेले. रोज सकाळी ते लॉजचं नाव शोधून पाहत. चौथ्या पानावरून ते दुसऱ्यावर आलं. मग पहिल्यावर.

दिवाळीच्या तोंडावर ओझरहून दुसरं पत्र आलं. पाकिटावर लिहिलं होतं, 'कै. हौशीराम औटी यांच्या कुटुंबीयांस.'

"लिंक दिसली, पण औटीकाकांचं उत्तर नाही, तेव्हा काय ते समजलो," टीनाताईंनी लिहिलं होतं. "वडिलांची राहिलेली इच्छा तुम्ही पूर्ण केलीत, असं आम्ही समजतो. दहाव्याच्या पत्रिकांवरच्या लिंका काढायला लावल्या. आता पोराबाळांसकट यात्रेकरू येतात, दोन कुटुंबं तर दुसऱ्यांदा आली. सासऱ्यांनी खताची गाडी परत पाठवली. औटीकाकांचं वर्षश्राद्ध असेल तेव्हा पाच नंबरची खोली आमच्याकडून."

हौशीरामांनी पत्र दोनदा वाचलं. मग खर्डा न करता एका बैठकीत उत्तर लिहिलं.

"सौ. टीनाताई, स. न. वि. वि. आपली दोन्ही पत्रे पावली. लिंक मीच दिली. उशीर झाला, क्षमस्व. खोली राखून ठेवण्याची घाई करू नये. पेन्शनसाठी बँकेत नुकताच दिलेला हयातीचा दाखला माहितीसाठी सोबत जोडला आहे. आपला, हौशीराम औटी."

दाखल्याची झेरॉक्स त्यांनी घडी करून आत घातली, पाकीट चिकटवलं आणि चौकातल्या पेटीत टाकलं.